पाय ओढत चालणारा ठेका

चिखलोलीत आमच्या सोसायटीत एक मुलगा राहतो. गणपतीत आणि हळदीच्या कार्यक्रमांना बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. गेल्या श्रावणात तो कीबोर्ड काखेत मारून घरी आला आणि पडद्यावरच्या ठेक्यांच्या यादीवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘काका, हे शफल, हे स्विंग, हे बूगी. तिन्ही लावून बघितले. मला तर तिन्ही सारखेच लंगडतात. मग नावं तीन कशाला?’’

लंगडतात हा त्याचा शब्द मला फार आवडला. ब्लूज आणि त्याच्या भावकीतल्या संगीताचं मर्म त्या शब्दात आहे. सरळ चालीत ठोक्याचे दोन समान भाग होतात, डावा-उजवा, डावा-उजवा. इथे पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड. एक पाय टेकून राहतो, दुसरा घाईघाईने येऊन त्याला मिळतो. मुलाने कानाने अर्धं काम केलं होतं. उरलेलं अर्धं आम्ही दोघांनी तोंडाने ठेके म्हणत, बोटांनी टेबल वाजवत केलं.

तबला जाणणाऱ्या माणसाला शफल समजावायला परदेशी स्वरलिपी लागत नाही. दादरा म्हणा: धा धी ना, धा ती ना. आता दुसरी आणि पाचवी मात्रा गिळा, पण त्यांची जागा सोडू नका. धा ऽ ना, धा ऽ ना. तीन मात्रांचा हा गट म्हणजे पाश्चात्त्यांचा एक ठोका, आणि असे ४ ठोके म्हणजे एक बार. ड्रम, बास, गिटार, सगळे मिळून तो लांब-आखूड ठोक्याठोक्याला स्पष्ट उच्चारत राहिले की झाला शफल. या इंग्रजी शब्दाचा अर्थच पाय न उचलता, जमिनीला घासत चालणं. पत्ते पिसण्यालाही तोच शब्द, आणि पिसताना होणारा आवाजही तसाच असतो.

स्विंगमध्येही लांब-आखूड आहेच, पण तिथे ते मापून दिलेलं नसतं. आपल्याकडे त्याच्या सगळ्यांत जवळ जातो तो अद्धा, ठुमरीतला, जुन्या नाट्यपदांतला. अद्ध्याला झोल असतो असं आपण म्हणतो, आणि हा झोल किती द्यायचा हे कोणी आकड्यात सांगत नाही. स्विंगचं तसंच आहे. लय संथ असेल तर लांब भाग चांगलाच लांबतो, द्रुत झाली की दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात. खाली डबल बास एका बारला ४ सरळ पावलं टाकत चालतो, झांज झोल धरते, आणि गाणारा-वाजवणारा कधी ठोक्याच्या जरा मागे रेंगाळतो, कधी जरा पुढे जातो. शफल प्रत्येक पाऊल जमिनीवर घासून दाखवतो. स्विंगमध्ये पाऊल वाजतंय की नुसतं भासतंय, असा प्रश्न पडावा इतकं ते हलकं असतं.

बूगीपाशी मुलगा अडला, आणि अडणं साहजिक होतं, कारण बूगी हा ठेकाच नव्हे. कीबोर्ड बनवणाऱ्यांनी सोयीसाठी तिला ठेक्यांच्या यादीत बसवलं आहे. बूगी म्हणजे डाव्या हाताची ओळ. तबल्याचं एकलवादन चालू असताना हार्मोनियमवर लेहरा कसा फिरत राहतो, तसा पियानोच्या खालच्या पट्ट्यांवर एका बारला ८ स्वरांचा लेहरा, न थकता, न बदलता. उजवा हात मोकळा, त्याने हवे ते पेशकार-कायदे मांडावेत. फरक एवढाच की हा लेहरा एका जागी बसत नाही. ब्लूजचं आवर्तन १२ बारांचं, म्हणजे ४८ ठोक्यांचं. पहिले ४ बार षड्जाच्या आधारावर, २ मध्यमाच्या, २ परत षड्जाच्या, मग एक पंचम, एक मध्यम, आणि शेवटचे २ घरी. लेहरा अख्खाच्या अख्खा उचलून त्या त्या आधारावर ठेवला जातो.

म्हणजे ही तीन नावं एका जातीची नाहीत. शफल ही चाल, बूगी ही ओळ, आणि स्विंग ही वाजवण्याची तऱ्हा, शिवाय एका काळाचंही नाव. म्हणून बूगी शफलच्या चालीत वाजते, स्विंगच्या तऱ्हेने वाजते, आणि पुढे चक बेरीच्या गिटारवर सरळ समान भागांतही वाजली. तिन्ही सारखंच लंगडतात असं वाटणं हा कानाचा दोष नव्हे. ती खरोखर एकमेकांत मिसळलेली आहेत. वेगळी होतात ती त्यांच्या वाटा पाहिल्यावर, आणि त्या तिन्ही वाटा आमच्या या भागापर्यंत येऊन पोहोचल्या आहेत.

बूगीची वाट रुळांवरून येते. आमच्या घराजवळून जाणारा मार्ग १८५६ सालचा. त्या वर्षी जीआयपी रेल्वे कंपनीने कल्याणहून बोरघाटाच्या पायथ्याशी पळसदरीपर्यंत गाडी नेली. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये, जिथे आता चिखलोली नावाचं स्टेशन मंजूर झालं आहे, तिथून कोळशाची इंजिनं धापा टाकत घाटाकडे जाऊ लागली. पुढच्या काही दशकांत अमेरिकेतही, टेक्सासच्या पूर्व भागात, पाइनच्या जंगलात रूळ पडले. तिथे लाकूडतोडीच्या छावण्या होत्या आणि छावणीत कामगारांसाठी गुत्ता. बॅरलहाउस म्हणत त्याला. कोपऱ्यात एक बेसूर होत चाललेला पियानो. वाजवणारे कृष्णवर्णीय, गुलामगिरीतून सुटलेल्यांची मुलं-नातवंडं, मालगाडीत चढून एका छावणीतून दुसरीत जाणारी. रात्रभर नाचणाऱ्या माणसांच्या पायांच्या आवाजावर मात करायची तर डावा हात जबरदस्त हवा, आणि रात्रंदिवस कानात बसलेला आवाज होता इंजिनाचा. त्या तऱ्हेला तेव्हा फास्ट वेस्टर्न म्हणत. आता आमच्याकडचे रूळ वेल्ड केलेले आहेत, जोडांवरची ती जुनी खडखड विरली आहे. तरी गाडी सांधा ओलांडते तेव्हा दोन क्षण ती जुनी चाल ऐकू येते.

शिकागोत रेल्वेच्या आवाजात वाढलेल्या मीड लक्स लुइसने १९२७ साली ‘हॉन्की टॉन्क ट्रेन ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं. पियानोवर अख्खी गाडी, शिटीसकट. पुढच्याच वर्षी, २९ डिसेंबर १९२८ला, पाइनटॉप स्मिथने जी रेकॉर्ड केली तिने या तऱ्हेला बूगी-वूगी हे नाव दिलं. तीन महिन्यांत, एका नृत्यगृहात गोळी लागून तो गेला. वय २४.

यानंतरचं साल मी मुद्दाम अधोरेखित करतो: १९३५. ऑगस्टच्या २१ तारखेला लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या बँडवर तरुण पोरं तुटून पडली आणि स्विंगचं युग सुरू झालं असं अमेरिकेत मानतात. त्याच वर्षी जॉन हॅमंड या धडपड्या निर्मात्याला, जो आगगाडीची ती रेकॉर्ड ऐकून काही वर्षं लुइसला शोधत होता, तो शिकागोत सापडला. लुइस मोटारी धुण्याचं काम करत होता. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक आपला आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा बँड घेऊन मुंबईत ताजमहाल हॉटेलात उतरला.

मुंबईला स्विंग मिळालं ते असं, बोटीतून, थेट आणि ताजं. ॲबीनंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ इथे राहिला. त्याच्या बँडने १९३६मध्ये मुंबईत रेकॉर्डही केल्या. त्याच्याकडे पियानोवर आला टेडी वेदरफोर्ड, १९२०च्या दशकात शिकागोत लुई आर्मस्ट्राँगच्या सोबतीने वाजवलेला माणूस. त्याच्या डाव्या हाताच्या झेपा ऐकलेल्यांना जन्मभर विसरता आल्या नाहीत. ताजच्या त्या दालनात संस्थानिक, गोरे साहेब आणि मोजके श्रीमंत हिंदी लोक नाचत. पण खरा वारसा त्यांनी घेतला नाही, तो घेतला बाजूला बसून वाजवणाऱ्यांनी.

हे वाजवणारे बहुतेक गोव्याचे. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फा आणि व्हायोलिन शिकून आलेले, धोबीतलावच्या कुडांत राहणारे. कूड म्हणजे एका गावच्या माणसांनी शहरात चालवलेली सामायिक खोली. कागदावरचं संगीत त्यांना पाणी प्यायल्यासारखं वाचता येई. कागदावर जे लिहिता येत नाही, तो झोल, तो मात्र त्यांना या अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून घ्यावा लागला. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड वेदरफोर्डच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवू लागला. हळदोण्याचा आंतोनियो झेव्हियर वाझ इतका आर्मस्ट्राँगच्या वळणाने वाजवू लागला की चिक चॉकलेट या नावाने तोच भारताचा आर्मस्ट्राँग ठरला. मिकी कोरियाने ताजमध्ये स्वतःचा बँड पुढे वीसेक वर्षं चालवला. गुरूसमोर बसून गळ्यातून गळ्यात विद्या घेण्याची आपली रीत आणि ही रीत यांत मला काहीच अंतर दिसत नाही.

मग युद्ध आलं आणि त्याने बूगीला शिपायांचं संगीत केलं. १९३८च्या डिसेंबरात हॅमंडने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लुइस, अल्बर्ट अमन्स आणि पीट जॉन्सन यांना पियानोवर बसवलं. गुत्त्यातला डावा हात देशातल्या सर्वांत मानाच्या रंगमंचावर वाजला आणि बूगीची साथ पसरली. १९४१मध्ये अँड्र्यूज सिस्टर्सचं बिगुल वाजवणाऱ्या शिपायावरचं बूगी गाणं सिनेमात आलं. १९४३पासून अमेरिकी फौजांसाठी खास व्ही-डिस्क नावाच्या तबकड्या निघू लागल्या. मुंबई बंदर शिपायांनी भरलं होतं. इथे, उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या माळावर, लष्कराने कल्याण संक्रमण छावणी उभारली होती. बराकींच्या रांगा, वर कौलं-पत्रे. मुंबईला उतरलेली माणसं थांबवायची आणि पुढे रवाना करायची. तिकडे पूर्वेला १९४२च्या मार्चमध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसं पायी परत निघाली. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याला गेला. तिथेच २५ एप्रिल १९४५ला पटकीने त्याचा अंत झाला.

युद्ध संपलं, शिपाई गेले. बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ला या वस्तीचं उल्हासनगर झालं, पण लोकांच्या तोंडी आजही कॅम्प एक, कॅम्प तीन, कॅम्प पाच हेच आहे. लष्करी शब्द किती खोल रुजतात. त्याच १९४९मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. नाचगृहांची कमाई दारूवर होती. ती आटली, आणि बँडवाल्यांनी पोटासाठी दादर, परळ, अंधेरीच्या सिनेमा स्टुडिओंची वाट धरली. मला या कायद्याचं हे फळ फार महत्त्वाचं वाटतं. स्विंग ताजच्या दालनातून निघून चाळीतल्या रेडिओवर आलं ते त्यामुळे.

तिथे त्यांना भेटले अण्णा, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा, १२ जानेवारी १९१८. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले, म्हणजे ग्वाल्हेर गायकीच्या शिस्तीत. सिनेमात आले ते नट व्हायला. तो मार्ग लागला नाही तेव्हा सोहराब मोदींच्या मिनर्व्हा या चित्रसंस्थेत हार्मोनियमवर बसले. ‘सुखी जीवन’ या मास्टर भगवानच्या १९४२च्या चित्रपटापासून हिंदीत संगीतकार झाले आणि सी. रामचंद्र या नावाने पुढची पंधरा-सोळा वर्षं गाजवली. बेनी गुडमन त्यांनी मन लावून ऐकला होता. स्वतःच्या गाण्यांत ते चितळकर नावाने गायचे.

मराठी माणसाने सी. रामचंद्रांना ‘अनारकली’साठी आणि २७ जानेवारी १९६३ला दिल्लीत लताबाईंनी गायिलेल्या त्या देशभक्तीच्या गीतासाठी डोक्यावर घेतलं, आणि योग्यच केलं. पण त्यांच्या पाश्चात्त्य ढंगाच्या गाण्यांना उथळ, उचललेली म्हणून बाजूला ठेवलं, हे मला कधीच पटलेलं नाही. उचलेगिरी काही ठिकाणी आहे. ‘समाधी’मधलं गाजलेलं लॅटिन अमेरिकन धर्तीचं गाणं त्याचं उदाहरण. पण १९४७च्या ‘शहनाई’पासून १९४९च्या ‘पतंगा’तल्या रंगूनच्या गाण्यापर्यंत आणि पुढे ‘अलबेला’पर्यंत जे घडलं, ती भाषांतराची मोठी कारागिरी होती. ‘पतंगा’त टेलिफोनवरून चाललेला नवरा-बायकोचा लाडिक संवाद ऐकताना लोक हसत, आणि त्यातल्या किती जणांच्या घरातून कोणीतरी खरोखर रंगूनहून चालत आलेलं असेल.

कारागिरी कशात होती ते सांगतो. अण्णांकडे चाल तयार असे गळ्यात, सा रे ग म मध्ये. चिक चॉकलेट त्यांचा साहाय्यक होता. गळ्यातली चाल कागदावर उतरवणं, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोनला तुकडे वाटून देणं हे गोव्याच्या अरेंजरांचं काम. आणि शेजारी ढोलकवाला, तबलेवाला बसलेला, त्याला कागदाची गरज नाही. आता या सगळ्यांना एकत्र चालवायचं तर चाल कोणती धरायची? स्विंगला मोकळीक लागते, वाजवणाऱ्याला आवर्तनामागून आवर्तन विस्तार करायला मिळावा लागतो. तीन मिनिटांच्या तबकडीत, तेही नायक-नायिकेच्या गाण्यात, ती कुठून आणणार? बूगीला १२ बारांचं घर लागतं, आणि आपलं गाणं मुखडा-अंतऱ्याच्या घरात राहतं. उरला शफल. त्याला काहीच लागत नव्हतं. ढोलकवाल्याने कहरव्याला थोडा झोल दिला की तो ड्रमरच्या लांब-आखुडाला आपोआप मिळे, कारण दोघांच्या मुळाशी तेच तीन होते, दादऱ्याचे, मधला गिळलेला. पाहुणे म्हणून आलेल्या दोघांना ओसरीवर बसवलं गेलं आणि तिसरा सरळ माजघरात शिरला, कारण तो लांबच्या नात्यातलाच निघाला. हे माझं मत आहे, आणि मी जितकी ती गाणी ऐकतो तितकं ते घट्ट होतं.

अमेरिकेतही त्याच सुमारास असंच घडत होतं हे लक्षात घेण्यासारखं आहे. १९४६मध्ये लुई जॉर्डनच्या लहानशा बँडने ‘चू चू च’बूगी’ काढलं. विषय आगगाडीचा, नावात बूगी, वाजवणारे स्विंग बँडमध्ये तयार झालेले, आणि चाल पक्की शफल. मोठे बँड परवडेनासे झाले होते, माणसं कमी झाली होती, म्हणून ठेका जास्त ठसठशीत करावा लागला. त्यातूनच पुढे ऱ्हिदम अँड ब्लूज आणि रॉक अँड रोल निघालं. त्या मुलाला मी तिन्ही शब्दांचा गुंता सोडवायला हीच एक रेकॉर्ड ऐकवली. बास काय म्हणतोय ते आधी ऐक, मग ड्रमचा लांब-आखूड ऐक, मग सॅक्सोफोन ठोक्याच्या किती मागे रेंगाळतोय ते ऐक, असं सांगून. तिसऱ्यांदा लावली तेव्हा त्याची मान तीन वेगवेगळ्या जागी हलत होती.

१९५१चा ‘अलबेला’ हा या कहाणीतला मुक्काम. निर्माता, दिग्दर्शक, नायक तिन्ही मास्टर भगवान, म्हणजे भगवान पालव, १९१३मध्ये जन्मलेला गिरणी कामगाराचा मुलगा. तोवर मारामारीचे स्वस्त चित्रपट काढणारा. राजेंद्र कृष्ण यांची गीतं, सी. रामचंद्रांचं संगीत, सोबत गीता बाली. चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो आहे, ती क्युबाकडची वाट. सगळा चित्रपट शफलचा नाही. पण भगवानचं नाचणं पाहा. अंगाने जाड माणूस. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. कोपरं अंगाशी, हात पुढे सैल, आणि पाऊल जमिनीवरून जवळजवळ न उचलता पुढे सरकतं, किंचित थांबतं, दुसरं येऊन त्याला मिळतं. शफल या शब्दाचा कोशातला अर्थ त्याने पायाने लिहून दाखवला आहे.

पुढच्याच वर्षी माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झाल्यासारखं झालं. लोकांनी रेडिओ सिलोनकडे काटा फिरवला आणि ही गाणी समुद्रापलीकडून ऐकली. १९५७च्या ‘आशा’तल्या ‘ईना मीना डीका’त चाल आणखी धावरी झाली, रॉक अँड रोलच्या उंबऱ्यावर पोहोचली. त्यातल्या निरर्थक वाटणाऱ्या शब्दांत जॉन गोम्स या गोव्याच्या सहकाऱ्याने सुचवलेलं कोकणी नकाराचं बोलणं आहे. पुणतांब्याचे अण्णा, गोव्याचे वादक, खंडव्याचा किशोर कुमार, आणि खाली टेक्सासच्या जंगलातून निघालेली ओळ.

चिक चॉकलेट १९६७मध्ये गेला. त्याच्या आदल्या वर्षी ‘आखरी खत’मध्ये तो पुन्हा एकदा पडद्यावर ट्रम्पेट वाजवताना दिसला. अण्णा ५ जानेवारी १९८२ला गेले. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहून ठेवलं. भगवानदादांचा बंगला, गाड्या सगळं गेलं. २००२मध्ये दादरच्या चाळीतल्या घरात त्यांनी डोळे मिटले.

अनंत चतुर्दशीला आमच्या रस्त्याने मिरवणुका निघतात. यंदा त्या मुलाच्या पार्टीला सुपारी होती. टेम्पोवर बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, पुढे ट्रम्पेटवाला. दुपारभर ढोल-ताशा ऐकून कान भरले होते. संध्याकाळी गाडी वळणावर आली आणि त्यांनी ‘अलबेला’चं गाणं धरलं. मुलाने यादीतलं बटण दाबलं नाही. हातानेच खालच्या पट्ट्यांवर लांब-आखूड टाकायला लागला, धा ऽ ना, धा ऽ ना. पुढचा घोळका क्षणभर थबकला. मग एक म्हातारे गृहस्थ, धोतर सावरत, दोन्ही कोपरं अंगाशी घेऊन पुढे सरकले. मागोमाग त्यांचा नातू, मग शेजारच्या आळीची पोरं. ज्यांनी तो चित्रपट पाहिलेला नाही, त्या माणसांचं नावही ऐकलेलं नाही, अशी वीस-बावीस जणं, चिखलाने माखलेल्या रस्त्यावर, पाय न उचलता, तळव्याने जमीन घासत तळ्याकडे निघाली.